डबल बेल

"माणसानं जग जिंकलं ते घोड्याच्या पाठीवरून. एकदा घोडं हातात आलं की राज्य काय अन् मुलूख काय, सगळं आपसूक मागं चालत येतं."

हे उद्गार ग्यानोबानं काढले तेव्हा तो बोरथडीतल्या आपल्या घरापुढच्या सांडपाण्याच्या नालीत बसलेला होता. हातात दोरीचं एक टोक होतं. दुसरं टोक मांजरा नदीच्या दिशेनं गेलं होतं, आणि घोडी त्याच्याही पुढं गेली होती.

"राज्य सावकाश येऊ द्या," त्याची बायको चांगुणा ओट्यावरून म्हणाली, "आधी तुमी बाहेर या. अन् पुढच्या दारानं नका येऊ, आत्ताच सारवलंय."

घोडी संध्याकाळी आपल्या पायानं परत आली. चंदी कुठं मिळते हे तिला कळलं होतं. मालक कोण हे तेवढं कळायचं होतं.

ग्यानोबानं सारी उमर यष्टी चालवण्यात घालवली. बिलोली-नांदेड, नांदेड-बिलोली. त्याच्या मागं घंटी वाजवायला मलप्पा. दोघांची ड्युटी एक, मुक्काम एक, पाठोपाठ दोघं रिटायरही झाले. मलप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती. ग्यानोबाच्या खिशाला निळ्या पेनाशेजारी बाबासाहेबांचा बिल्ला. मलप्पा सकाळी "शरणार्थी" म्हणायचा, ग्यानोबा "जय भीम" म्हणायचा, आणि मग दोघं दिवसभर एकमेकांना शिव्या द्यायचे. असं उभं आयुष्य सुखात गेलं.

घोडीचं मूळ मात्र रिटायर होण्याच्या कितीतरी आधीचं होतं. त्याची लेक लुंबिनी सहा-सात वर्षांची असताना गावातून एक वरात गेली. बापाच्या खांद्यावर बसून तिनं ती पाहिली आणि विचारलं, "बाबा, नवरदेव घोड्यावर अन् नवरी पायी. असं का?" ग्यानोबाला उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही की माणूस वचन देतो. तो म्हणाला, "तुझ्या लग्नात तू घोड्यावर जायचं. बापाच्या घोड्यावर."

आता लुंबिनी नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिचं लग्न ठरलं रेल्वेच्या हापिसातल्या आनंदराजशी. तारीख निघाली बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. सगळं पक्कं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, घोड्याचं काय?"

ग्यानोबाच्या चहात बिस्कीट पडलं. पोरगी विसरली नव्हती.

डिसेंबरात तो आणि मलप्पा माळेगावच्या जत्रेत गेले आणि दोघांत मिळून एक शिंगरी घेऊन आले. तीन वर्षांची, तांबडीलाल, अंगानं तट्टासारखी आटोपशीर, कपाळावर पांढरा टिळा. व्यापारी म्हणाला होता, "लई गरीब जनावर. लेकरू बी धरंल." त्यात खोटं काही नव्हतं. ते लेकरू कुठं राहतं, एवढंच त्यानं सांगितलं नव्हतं. तिच्या अंगाला त्या दिवसापर्यंत माणसाचा हात लागलेला नव्हता, आणि लागावा अशी तिची इच्छाही नव्हती. टेम्पोतून उतरवताना तिनं टेम्पोचा मागचा दिवा फोडला. रंग लाल, वागणं असं. चांगुणानं तिचं नाव लालपरी ठेवलं.

आणलेलं घोडं आठवड्यात फाट्यावरच्या हॉटेलात पोचलं; म्हणजे त्याची बातमी. किराणा दुकानवाला मल्लेश, मलप्पाचा पुतण्या, बाकड्यावर बसून मोबाइल खाली न ठेवता म्हणाला, "मामा, घोडी तर आणलीत. पेलंल का पर? न्हाई, म्हंजे बसायची सवय पाहिजे. तुमच्या आळीत घोड्यावर बसायची सवय कुणाला हाय?"

हॉटेलातल्यांनी आपापल्या चहावर फुंकर मारली. असल्या वेळी बोरथडीत सगळ्यांना एकदम चहा गरम लागतो.

"सवय न्हाई म्हनूनच आणली," ग्यानोबा म्हणाला. "सवय असती तर कशाला आणली असती?"

सगळे हसले, मल्लेशही हसला. पण ग्यानोबा घरी येताना हसत नव्हता. लुंबिनी पायी गेली तरी तिचं लग्न लागणारच होतं. ती तसं म्हणालीही होती, "बाबा, जमलं न्हाई तर राहू द्या, मी जाईन चालत." पोरगी माफ करायला आधीच तयार बसली होती, आणि त्याला तेच सोसवत नव्हतं.

शिकवणीच्या पहिल्या सकाळी ग्यानोबानं शिस्तीत सुरुवात केली. गाडी काढण्याआधी ड्रायव्हरनं गाडीला एक फेरी मारायची असते आणि मागचे टायर बघायचे असतात. ग्यानोबा फेरी मारत लालपरीच्या मागं गेला आणि टायर बघायला वाकला.

लाथ मांडीला बसली म्हणून बरं. दोन दिवस तो चुलीशेजारी पडून होता आणि चांगुणा विटकरीनं शेक देत होती.

"जनावराच्या मागून कुणी जातंय का?" ती म्हणाली.

"नियम हाय तो."

"तिला ठाऊक हाय का नियम?"

मग ग्यानोबानं पुढून सुरुवात केली. हातात गूळ घेऊन, मांजराच्या पावलानं, तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो पुढं सरके. तो सरके तेवढी ती मागं सरके. अशी ती जोडी अंगणभर फिरायची आणि मलप्पा कडुनिंबाखाली दगडावर बसून बघायचा.

"लगीन तुझ्या पोरीचं हाय का तुझं?" मलप्पा विचारायचा. "नुसतं लाजून राहिले दोघं."

गूळ हातात वितळायचा आणि ग्यानोबा तो स्वतःच चाटून टाकायचा. जानेवारी असाच गेला. त्याला गोड जरा जास्त झालं, बाकी फरक नाही.

फरक पडला तो झोपेत. ज्वारी काढणीला आली होती. दिवसभर वाकून ग्यानोबाची कंबर धरली. दुपारी तो अंगणातच कडब्याच्या पेंढीवर आडवा झाला, टोपी तोंडावर घेतली आणि ड्रायव्हर लोक बसस्टँडवर झोपतात तसा गाढ झोपला. जागा झाला तेव्हा तोंडावर टोपी नव्हती. तोंडावर गरम वाफ होती. लालपरी त्याच्यावर वाकून टोपी चावत होती.

ग्यानोबा हलला नाही. डोळेही त्यानं नीट उघडले नाहीत. ओट्यावर डाळ निवडणाऱ्या चांगुणाचं सूप थांबलं.

"उठू नका," ती पुटपुटली. "झोपा तसंच."

"झोपूनच राहिलो," ग्यानोबा ओठ न हलवता म्हणाला. "टोपी गेली का?"

"अर्धी गेली."

"जाऊ दे. खाऊ दे तिला."

त्या दिवसापासून ग्यानोबा रोज दुपारी अंगणात झोपायला लागला. गावात बोभाटा झाला की घोडी शिकवायची सोडून ग्यानोबा लोळतोय. मल्लेशनं भिंतीवरून त्याचं चित्रीकरण केलं आणि ते सगळ्या गावाला पाठवलं. ग्यानोबा खाटेवर पडूनच हात बाहेर सोडायचा. आधी तिनं हात हुंगला. मग हाताखाली मान आणली. मग एक दिवस हाताला तिचा घामट खांदा लागला, तो थरथरला आणि थांबला. ग्यानोबानं बोटांनी नुसतं खाजवलं. घोडीनं खालचा ओठ लोंबता सोडला. ते रूप पाहून चांगुणाला हसू आवरेना. "भाकरीला बोलवल्यावर तुमचं तोंड असंच होतं," ती म्हणाली.

फेब्रुवारी संपता संपता लालपरीनं तोंडाला दोरीची मोरखी घालून घेतली. आता प्रश्न चालायचा होता.

ग्यानोबा मोरखीची दोरी धरून तिच्याकडं तोंड करी आणि ओढी. ओढलं की घोडी मागं रेले. जोर लावला की चारी खूर जमिनीत रोवून ती खांब व्हायची. ग्यानोबा लाल व्हायचा, त्याचा डावा पाय आपोआप क्लच दाबायचा, पण गाडी काही गिअरमध्ये पडायची नाही.

दगडावर बसून बसून मलप्पा वैतागला होता. शेजारी कडुनिंबाला चांगुणाच्या मेलेल्या गायीच्या गळ्यातली घंटा लटकत होती. काही उद्योग नाही म्हणून त्यानं तिला हात घातला आणि हाताला लागलेल्या वळणानं वाजवली. टिंग टिंग.

ग्यानोबा वळला, समोर बघितलं आणि निघाला.

हे त्यानं ठरवून केलं नाही. उभ्या आयुष्यात डबल बेल झाल्यावर तो थांबला नव्हता. दोरी, घोडी, लुंबिनीचं लग्न, सगळं विसरून तो नजर रस्त्यावर ठेवून सरळ चालत राहिला. अंगण संपलं तसा मलप्पानं एक टोला दिला. टिंग. ग्यानोबा उभा राहिला. त्याच्या पाठीला मऊ काहीतरी धडकलं. लालपरीचं नाक होतं.

मलप्पा घंटा सोडून दगडावरून उठला.

"अय्यो शिवा," तो म्हणाला. "आली की रे ही तुझ्या मागं."

"मी बघितलंच न्हाई तिच्याकडं."

"म्हनूनच आली. तू तोंड बघून ओढतूस, तिला वाटतं हा मला गिळतो. ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतंय, ग्यान्या. प्याशिंजर आपोआप येतंय."

पुढचं शिक्षण मग भराभर झालं. दोन टोले, चाल. एक टोला, थांब. पाठीवर आधी गोणपाट, मग चांगुणानं शिवलेली जाड गोधडी, मग ज्वारीचं अर्धं पोतं. मलप्पानं पत्र्याचे डबे बडवून तिला बँडची सवय लावली. त्यात शेजारच्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं, पण घोडी शहाणी निघाली.

रविवारी लुंबिनी आली. तिनं आधी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "काही न्हाई होत, बाई. मुंगी चावल्यावानी वाटंल." मग पाठीवर नुसती आडवी पडली, पोत्यासारखी. घोडी कान मागं करून विचार करत उभी राहिली. ग्यानोबाचे दोन्ही पाय जमिनीवर ब्रेक शोधत होते.

"बाबा, तुमी श्वास घ्या," लुंबिनी पालथ्या अंगानं म्हणाली. "पेशंट ठीक हाय. नातेवाईकच जास्ती घाबरतात."

पुढच्या रविवारी ती टांग टाकून बसली. मलप्पानं टिंग टिंग केलं. ग्यानोबा पुढं, मागं लालपरी, वर त्याची पोरगी. तो मागं बघणार नव्हता. त्यानं बघितलं नाही. फक्त उपरण्यानं तोंड पुसलं. घाम फार येत होता, मार्चमध्येच.

एप्रिलभर रोज संध्याकाळी ही वारी रस्त्यावर निघायची. घरापासून मल्लेशच्या दुकानावरून फाट्यापर्यंत, तिथं हॉटेलात ग्यानोबाचा चहा, मग पुढं विहारापर्यंत आणि परत. रस्त्याच्या कडेला मल्लेशची आजी सिद्धम्मा पिशवी घेऊन बसलेली असायची. तिला कमी दिसायचं आणि ग्यानोबा रिटायर झाला हे तिनं मानलेलं नव्हतं. ग्यानोबा दिसला की ती हात आडवा करायची. हात आडवा झाला आणि ग्यानोबा थांबला नाही असं कधी झालंय? तो थांबायचा. म्हातारीशी दोन शब्द बोलायचा. घोडीही थांबायची. मग पोरं गमतीनं हात आडवे करायला लागली. ग्यानोबा प्रत्येकाला थांबायचा. त्याच्या मागं कोण काय शिकून राहिलंय हे बघायला तो मागं थोडाच बघत होता!

लग्नाचा दिवस उजाडला. उन्हं कलल्यावर वरात निघाली. लुंबिनी पांढऱ्या साडीत, साडीखाली आपली नेहमीची सलवार, केसांत मोगरा. लालपरीला निळी गोंड्यांची गोधडी. पुढं बँड, मग ग्यानोबा नव्या कोटात दोरी धरून, मागं मलप्पा घंटा घेऊन. विहारात भन्तेजी येऊन बसले होते आणि आनंदराज दारात उभा राहून वाट बघत होता. त्याला घोड्याची भीती वाटत होती, पण त्यानं ती फक्त लुंबिनीला सांगितली होती.

डबल बेल झाली. वरात झोकात वीस-पंचवीस पावलं गेली आणि थांबली.

रस्त्याच्या कडेला एकानं मोबाइल धरलेला हात पुढं केला होता. फोटोसाठी. घोडीनं हात बघितला आणि नियमाप्रमाणं उभी राहिली.

टिंग टिंग. निघाली. पुढच्या ओट्यावर तीन हात. थांबली. टिंग टिंग. पुढं गल्लीच्या दोन्ही बाजूंनी सगळं बोरथडी मोबाइल घेऊन उभं होतं. नवरी घोड्यावर हे कुणी पाहिलेलं नव्हतं आणि जो तो हात लांब करून ते टिपून घेत होता. लालपरीनं एकालाही नाराज केलं नाही.

"आवं, हे काय?" चांगुणा मागून दबक्या आवाजात म्हणाली. "दारादारात उभी ऱ्हाती ही!"

"हात दाखवला त्यांनी," ग्यानोबा म्हणाला. त्याला आत्ता उलगडा झाला होता आणि कोटाच्या आत घामाची धार लागली होती. "मीच शिकवलं की गं हे."

पण लोकांना आतली गोष्ट माहीत नव्हती. त्यांना एवढंच दिसलं की ग्यानोबाची लेक एकेका दारात घोडी थांबवतेय. दारात नवरी थांबली म्हटल्यावर आत कसं जायचं? कुणी पाण्याचा तांब्या आणला, कुणी गुलाबाची पाकळी टाकली, कुणी जाऊन साखरेचा डबाच आणला. ज्या घरांनी आजवर ग्यानोबाच्या आळीचं लग्न खिडकीतून पाहिलं होतं, तीही अनवाणी बाहेर आली. लुंबिनी हात जोडत होती. एवढा मानपान करत जाणारी वरात बोरथडीत झाली नव्हती, आणि तो मानपान सगळा घोडी करत होती.

मल्लेशच्या दुकानासमोर तर ती सगळ्यात जास्त थांबली, कारण मल्लेशनं मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता. मल्लेश घोटाळला. पोरं त्याच्याकडं बघत होती, घोडी त्याच्याकडं बघत होती.

"मल्लेशदादा," लुंबिनी वरून म्हणाली, "पाणी तरी पाजा की हिला."

मल्लेशनं मोबाइल खिशात घातला, बादली भरून आणली आणि घोडीच्या तोंडापुढं वाकून धरली. घोडी पीत होती तोवर त्याला वाकूनच राहावं लागलं. ती सावकाश प्यायली.

"मामा," तो वाकल्या वाकल्या म्हणाला, "बसली की वो ही. झकास बसली."

"सवय," ग्यानोबा म्हणाला. आणखी काही म्हणायची गरज त्याला वाटली नाही.

वरात फाट्यावर आली. पुढच्या वळणावर विहाराचे निळे झेंडे दिसत होते. हॉटेलासमोर लालपरी थांबली.

टिंग टिंग. नाही.

टिंग टिंग. तिनं एक मागचा पाय सैल सोडला आणि डोळे अर्धे मिटले.

"हात तर कुणीच दाखवला न्हाई!" चांगुणा म्हणाली.

मलप्पाच्या ध्यानात आधी आलं. तो बँडवाल्यांना थांबवून पुढं आला आणि ग्यानोबाच्या कानाशी लागला. "च्या."

"काय?"

"तुझा च्या व्हायचाय. रोज हितं तू च्या पितूस. गिलास खाली ठेवतूस, तव्हा मी बेल देतो. त्याबिगर ती हलंल कशी? नियमाची हाय पोरगी."

"आरं पोरीचं लगीन लागायचं हाय माझ्या!"

"मग पी लवकर."

हॉटेलवाल्यानं चहा आणला. चहा चुलीवरून आत्ताच उतरला होता. वऱ्हाड उभं, बँड उभा, नवरी घोडीवर, विहारात भन्तेजी, आणि मधोमध नव्या कोटात ग्यानोबा फुंकर मारून चहा पीत होता. व्याह्यांकडचा एकजण विचारत आला, "उशीर का होऊन राहिला?" त्यानं ते दृश्य बघितलं आणि काही न बोलता परत गेला. आत जाऊन त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक.

"जनाची न्हाई तर मनाची..." चांगुणानं पदरात तोंड लपवलं.

ग्यानोबाची जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवला. काच लाकडावर वाजली तसे लालपरीचे कान उभे राहिले. मलप्पानं घंटा उंच धरली.

टिंग टिंग.

ती अशी निघाली की ग्यानोबाला पळावं लागलं. बँडवाल्यांनी चालता चालता सूर धरला. वळण गेलं, झेंडे आले, पोरं ओरडली. विहाराच्या पायरीपाशी मलप्पानं एक टोला दिला आणि घोडी आनंदराजच्या पुढ्यात हातभर अंतरावर उभी राहिली. आनंदराज पांढरा पडला होता, पण जागचा हलला नाही. त्यानं हात पुढं करून तिच्या कपाळावरचा टिळा शिवला. लुंबिनी त्याच्याकडं बघून हसली, आणि मग बापाकडं वाकून म्हणाली, "बाबा, टायमात आणली की."

तेव्हा ग्यानोबानं पहिल्यांदा मागं वळून बघितलं. घोडी, तिच्यावर पोरगी, तिच्यामागं मलप्पा, आणि त्याच्यामागं फाट्यापर्यंत अख्खं गाव. सगळं आपसूक मागं चालत आलं होतं. त्याच्या छातीत भाषण भरून आलं. मलप्पानं आणि आनंदराजनं लुंबिनीला हात देऊन उतरवलं, ती पायऱ्या चढून आत गेली, आणि ग्यानोबानं घसा साफ करून उरलेल्या गावापुढं एक हात वर केला.

"बंधूंनो," तो म्हणाला, "माणसानं जग जिंकलं ते..."

गर्दी दुभंगली. काठी टेकत, पिशवी सांभाळत सिद्धम्मा पुढं आली. तिनं डोळे बारीक करून आधी ग्यानोबाकडं बघितलं, मग त्याच्यामागच्या लाल आकाराकडं बघितलं, आणि हात आडवा केला.

"ग्यानोबा, जाताना रिकामीच जाईल न्हवं? मग मला घरापत्तोर सोड बाबा," ती म्हणाली. "पर उभ्यानं न्हाई यायची हं मी, आधीच सांगून ठेवते."